झाळलेली कडी

“ही कडी कुणी बसवली?” भिंगावरून डोळा न उचलता बाईंनी विचारले.

टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या होत्या. एकीवर म्हातारा सोनार बसला होता, दुसरीवर त्याची धाकटी बहीण. तिच्या गळ्यातले नाणे साखळीतून निघून आत्ताच टेबलावरच्या काळ्या मखमलीवर गेले होते, आणि तिचा हात अजून गळ्याशीच होता.

“आमच्या ह्यांनी बसवून घेतली,” बहीण म्हणाली. “लग्नाच्या आधी. ह्या माझ्या दादाकडूनच. पण त्याचा काय दोष? गिऱ्हाईक सांगेल ते सोनारानं करायचं.”

सोनाराच्या कोटाच्या आतल्या खिशात पत्र्याची एक चपटी डबी होती. त्याने कोटावरूनच तिच्यावर हात ठेवला, छातीत कळ आल्यावर ठेवावा तसा.

बंदरालगतचे जुने गोदाम झाडूनपुसून तिथे प्रदर्शन मांडले होते, आणि लोकांनी आणलेली नाणी तपासायला ह्या बाई बसल्या होत्या. भिंतीच्या कडेने काचेची कपाटे, आणि कपाटांत दोन-अडीच शतके समुद्राच्या तळाशी पडून राहिलेल्या जहाजातली नाणी. दाराशी पाटी होती : या जहाजातील वस्तू पूर्वीपासून कुणाकडे असल्यास तपासून घ्यावी, सर्वांत आधीच्या शोधकाचे नाव नोंदले जाईल. हीच ओळ बहिणीने वर्तमानपत्रात वाचली होती. एकदा मनात वाचली, मग भावाला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मग भिंतीवरच्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे उभी राहून आणखी एकदा. नवऱ्याला जाऊन अकरा महिने झाले होते.

“आजी, सोनं अस्सल आहे,” बाई म्हणाल्या. वयाने लहान होत्या, पण बोलणे सावकाश आणि आर्जवी. “राजाचा मुखवटाही तोच. पण ह्या राजानं वीस वर्षं नाणी पाडली. बाजारात अशी पुष्कळ मिळतात. ह्या जहाजावर होती ती फक्त शेवटच्या सालची. टाकसाळीतून निघाली ती सगळीच्या सगळी जहाजावर चढली आणि जहाज बुडालं. त्या सालचं एकही नाणं कधी जमिनीवर आलंच नाही. म्हणून साल दिसायला हवं. आणि साल असतं वरच्या कडेला. नेमकी तिथंच ही कडी आहे.”

“मग कडी काढा की!” बहीण भावाकडे वळली. “दादा, तू काढशील ना रे? तुझा तर हातखंडा.”

“खाली काही नाही,” सोनार म्हणाला. इथे आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. “कडी नीट बसायला जागा सपाट करावी लागते. कानस मारली होती.”

“तुम्हाला इतकं आठवतंय?” बाईंनी आता भिंग खाली ठेवले.

“आठवतं.”

न आठवायला काय झाले! मधली एकेचाळीस वर्षे कशी गेली ते विचारले तर त्याला धड सांगता आले नसते. ते चार दिवस मात्र तासागणिक पाठ होते.

तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. दुकान म्हणजे एक खिडकी, खिडकीशी कामाचा पाट, आणि पाटाखाली ताणून बांधलेले चामडे. घासताना पडलेला सोन्याचा कणही वाया जाऊ नये म्हणून ते चामडे. पाणबुड्या त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. बंदरात आलेल्या जहाजांच्या बुडांना चिकटलेले शंख-शिंपले खरवडायचे, तुटून पडलेले नांगर शोधून काढायचे, हा त्याचा धंदा. एका सोमवारी तो ओल्या केसांनीच दुकानात शिरला आणि त्याने रुमालातून एक गोळा काढला. एका बाजूने लखलखीत सोने, राजाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूवर चुनखडीची जाड, तांबूस खपली.

“सोनारबुवा, जहाज सापडलं,” तो म्हणाला. “तेच, मास्तर सांगतात ते. नांगर पाहिला मी. ह्याच्या पोटात, ह्या खपलीखाली साल आहे. मास्तर गुरुवारी येणार, दोन साक्षीदार घेऊन. त्यांच्यासमोरच खपली काढायची म्हणाले. तोवर तुझ्या तिजोरीत ठेव. मी जन्मभर खरवडतोय, पण तू एवढं एक खरवडू नकोस बाबा.”

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव जुन्या नाण्यांवर टाकायचे.

सोनाराने नाणे तिजोरीत ठेवले. मंगळवारी रात्री जेवताना आईने सांगितले, उद्या संध्याकाळी गोदामातल्या कारकुनाच्या घरचे धाकटीला बघायला येणार आहेत. धाकटीने पानावरून मान वर केली नाही. तिचे आणि पाणबुड्याचे आईला ठाऊक होते.

“पाण्यात बुडणाऱ्याला मुलगी देऊन ती काय रोज दारात उभी राहील?” आई म्हणाली. “आणि घालणार काय तो तिच्या अंगावर? शिंपले?”

बुधवारी दुपारी सोनाराने तिजोरी उघडली. वाईट हेतू नव्हता, हे तो अजूनही देवासमोर सांगू शकला असता. त्याला नुसते एवढेच दिसत होते की आईला हवे ते सोने आपल्या हातात आहे. आणि शिवाय, मळलेले सोने पुढ्यात आले की सोनाराचे हात शिवशिवतात. त्याने पटाशीचे टोक खपलीच्या कडेला लावून हलकेच टिचकी मारली. अक्रोडाचे अर्धे कवच सुटावे तशी खपली एकसंध सुटली आणि चामड्यात पडली. उरलेसुरले त्याने तेजाबाने काढले. वरच्या कडेला चार आकडे दिसले होते. दोन लक्षात राहिले, दोन नाहीत. त्या वेळी तो आकडे वाचत नव्हता, कडीसाठी जागा बघत होता. कानस मारली, कडी झाळून जोडली, आणि मग बोटे दुखेस्तोवर उजाळा दिला. त्याने आयुष्यात केलेले ते सर्वांत सुबक काम होते.

“त्यानं दिलंय,” असे म्हणून त्याने ते आईसमोर बहिणीच्या गळ्यात घातले. आईने नाणे तळहातावर घेतले, जरा वर-खाली केले. “जड आहे,” ती म्हणाली. कारकुनाच्या घरच्यांना चहा मिळाला आणि निरोप मिळाला.

गुरुवारी मास्तर आले. त्यांच्याबरोबर दोन साक्षीदार, आणि मागे नवा सदरा घातलेला पाणबुड्या. दार धाकटीने उघडले. मास्तरांची नजर तिच्या गळ्याकडे गेली आणि ते तिथेच पायरीवर बसले.

“कुणी केलं हे?”

आई दारात उभी होती. सोनाराने तोंड उघडले. नक्की उघडले होते. पण त्याच्या आधी पाणबुड्या बोलला. “मीच सांगितलं, मास्तर. म्हटलं, साल मला माहीतच आहे.”

“तुला माहीत असून काय जाळायचंय, गाढवा!” मास्तर म्हणाले. “आता हे नुसतं सोनं आहे.”

नंतर गल्लीच्या तोंडाशी सोनाराने दोस्ताचा हात धरला तर तोच हसायला लागला. “अरे, जहाज कुठं पळून जातंय? उद्या दुसरं नाणं आणतो. तुझी बहीण कारकुनाच्या घरी गेली असती, तर तिला काय बुडी मारून काढणार होतो?”

त्याच आठवड्यात वादळ झाले आणि तळाची वाळू सरकली. नांगर पुन्हा दिसला नाही. पाणबुड्याने वर्षानुवर्षे बुड्या मारल्या, आणि गावाला करमणुकीचा एक विषय झाला. न्हावी वस्तरा परजत म्हणायचा, “पाय आवरा हो, सोन्याचं जहाज येतंय.” पोरे विचारायची, “काका, आज किती सापडली?” तोही बोटे मोजून सांगायचा, “आज दोनच. हवा खराब होती.”

घरातही तेच. धाकटीचे नवऱ्यावर अतोनात प्रेम. तो पाण्यात गेला की वर आल्याचा निरोप येईतो तोंडात घास घालायचा नाही, हा तिने नेम धरला, आणि त्याने धंदा सोडल्यावरही तो घरी येईपर्यंत ती जेवत नसे. पण जीभ म्हणून होतीच. भाजीला मीठ कमी आहे असे तो म्हणाला की म्हणायची, “ज्यांनी आपल्या हातानं पुरावा घासून घेतला, त्यांनी दुसऱ्याच्या चुका काढू नयेत.” पाहुणे आले की सांगायची, “ह्यांच्या हातात काही देऊ नका हो, घासून चकचकीत करतील आणि मग विचारतील, हे काय होतं!” सगळे हसत. पाणबुड्याही हसे. सोनार त्या वेळी पाणी प्यायला उठे.

आणि हे एवढेच असते, तर कदाचित निभले असते. पण डबी होती.

लग्न पंधरा दिवसांवर आले होते. सोनारांच्या दुकानातला केरकचरा घेऊन त्यातून सोने काढणारा झारेकरी आला, म्हणून त्याने पाटाखालचे चामडे सोडले. तळाशी ती खपली होती. फेकणार, तोच त्याने ती उलटी केली. आतल्या बाजूला नाण्याचा ठसा होता : उलटी अक्षरे, उलटे फूल, आणि वर चार उलटे आकडे. त्याने मेण कोमट केले आणि ठशात दाबले. मेण सोडवले तेव्हा साल सुलट होऊन वर आले. मास्तर सांगत होते तेच साल.

तेव्हाच मास्तरांकडे धावत जायला हवे होते. पण मास्तर विचारणार, खपली काढली कुणी? मग आईला कळणार की ते नाणे जावयाने दिलेलेच नव्हते. पत्रिका वाटून झाल्या होत्या. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असे त्याने ठरवले. मग म्हटले, वर्षाचे सण होऊन जाऊ देत. मग आई अंथरुणाला खिळली. ती आहे तोवर नको. आई गेली तेव्हा मास्तरही जाऊन दोन वर्षे झाली होती. गोष्ट सांगायला उशीर झाला की पुढे त्या उशिराचीच लाज वाटू लागते. खपली डबीत आणि डबी कामाच्या पाटाच्या खणात, अशी ती दुकान बंद होईतो राहिली. दुकान बंद झाले तेव्हा ती घरी त्याच्या उशालगतच्या कपाटात आली.

मागच्या वर्षी पाणबुड्या दवाखान्यात होता. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी बहीण औषध आणायला खाली गेलेली असताना तो म्हणाला, “सोनारबुवा, मी खोटं नव्हतो ना रे बोलत? हल्ली मलाच वाटतं, नांगर स्वप्नात पाहिला असेल.”

“नव्हतास,” सोनार म्हणाला.

“तुला कसं माहीत?”

सांगायचे ते तिथे, त्या क्षणी, त्या लोखंडी खाटेशी सांगायचे होते. सोनाराने पांघरूण नीट केले. उद्या डबीच घेऊन येऊ, हातातच देऊ, असे त्याने ठरवले. रात्री त्याने डबी कोटाच्या खिशात घालून ठेवलीसुद्धा. पहाटे बहिणीचा निरोप आला.

“तर मग, आजोबा,” बाई नाणे उचलून बहिणीकडे सरकवत म्हणाल्या, “मला वाईट वाटतंय, पण नुसत्या सांगण्यावर नोंद करता येत नाही.”

बहिणीने नाणे हातात घेतले. “चल दादा,” ती म्हणाली. “आपलेच दात नि आपलेच ओठ. ह्यांनीच केलं, ह्यांनीच भोगलं. कुणाला बोल लावायचा?”

ती उठली. सोनार उठला नाही.

“खाली बस,” तो म्हणाला.

त्याने डबी काढून टेबलावर ठेवली. झाकण गंजले होते. नखाने उघडेना, तेव्हा बाईंनी सुरीचे टोक दिले. कापसावर खपली होती. बाईंनी ती दोन बोटांनी उचलून दिव्याखाली उलटी केली. मग मागच्या कपाटातले एक नाणे त्यांनी आणले. त्याच्यावरची खपली अशीच होती, गंजक्या नांगराशेजारी पडून पडून चहाच्या रंगाची झालेली. बाईंनी बहिणीच्या हातातले नाणे मागून घेतले आणि त्यावर डबीतली खपली अलगद टेकवली. वरचा भाग कानशीने गेला होता, तिथे फट राहिली. खालच्या अर्ध्यात मात्र अक्षरावर अक्षर बसले. नाण्याच्या कडेला एक जुनी खोच होती, ती खपलीच्या खोचेशी जुळली.

त्यांनी निळसर मळलेली माती ठशात दाबली, सोडवली, आणि दोघांसमोर धरली.

“साल,” त्या म्हणाल्या. “आजी, हे त्याच सालचं नाणं आहे. तुमचे यजमान एकेचाळीस वर्षं आधी तिथं पोचले होते. पहिलं नाव त्यांचंच.”

बहिणीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग तिने तो मातीचा ठसा जवळ ओढला, बोट न लावता नुसती बघत राहिली. “मेले हसायचे हो ह्यांना,” ती म्हणाली. “तो न्हावी. ती पोरं. सगळे...”

बाईंनी मोठी वही उघडली होती. शोधकाचे नाव बहिणीने सांगितले, एकेक अक्षर सावकाश. बाईंनी लिहिले. मग विचारले, “आणि खपली कुणी काढली? तीही नोंद लागते.”

“ह्यांनीच,” बहीण म्हणाली. “म्हणजे, ह्यांनी सांगितलं म्हणून दादानं...”

“त्यानं नाही सांगितलं,” सोनार म्हणाला. “तो नकोच म्हणाला होता. मी काढली. त्याला न विचारता. दारात तो माझ्यासाठी खोटं बोलला.”

बाईंची लेखणी थांबली. बहीण भावाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; घरातली ओळखीची वस्तू जागेवर दिसली नाही की माणूस बघतो, तशी ती बघत होती.

“आणि ही डबी?”

“तुझ्या लग्नाआधीपासून आहे.”

“म्हणजे तुला साल माहीत होतं.”

“होतं.”

“ह्यांना माहीत होतं, तुझ्याजवळ हे आहे म्हणून?”

सोनाराने मान हलवली. नाही.

ती बोलली तेव्हा आवाज इतका हळू होता की बाईंनीही मान खाली घातली. “मी ह्यांना बोलले रे दादा. रोज बोलले. पाहुण्यांसमोर बोलले. गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळीसुद्धा चष्मा घासत होते तर म्हटलं, घासा, तेवढंच येतं तुम्हाला.” तिने श्वास घेतला. “ते हसले. ते सगळं आता मी कुणापाशी परत घेऊ?”

सोनाराने वहीकडे बोट केले. “लिहा,” तो बाईंना म्हणाला. “खपली काढणारा म्हणून माझं नाव लिहा.” बाईंनी लिहिले.

नाणे आणि खपली शेजारीशेजारी ठेवली तरच बघणाऱ्याला कळेल, असे बाई म्हणाल्या. आजींची हरकत नसेल तर दोन्ही प्रदर्शनात राहू द्यावी. हवे तेव्हा नाणे परत नेता येईल. बहिणीने नाणे एकदा डोळ्यांना लावले आणि देऊन टाकले. रिकामी साखळी तिने रुमालात गुंडाळली. बाईंनी खपली उचलून घेतल्यावर डबी टेबलावर तशीच उघडी राहिली. ती कुणी घ्यायची हे कुणालाच सुचले नाही, आणि शेवटी सोनाराने ती पुन्हा खिशात घातली.

परतताना बसमध्ये ते एकाच बाकावर बसले. खड्डा आला की बहिणीचा हात गळ्याकडे जायचा, काही न सापडून मांडीवर परत यायचा. एकेचाळीस वर्षांची सवय. गळ्याखाली जिथे नाणे टेकायचे, तिथे नाण्याएवढी फिकट जागा दिसत होती. सोनार खिडकीबाहेर बघत राहिला.

घराच्या थांब्यावर उतरल्यावर मोठा रस्ता ओलांडायचा असतो. तिला वाहनांची फार भीती. रस्ता ओलांडताना एका मुठीत नाणे आणि दुसऱ्या मुठीत दादाची बाही, अशीच ती आजवर ओलांडत आलेली. आताही ती कडेला थांबली. एक हात गळ्याकडे गेला आणि खाली आला. दुसरा बाहीकडे आला नाही.

सोनार कोपर किंचित पुढे करून उभा राहिला. गाड्या जात होत्या. मग रस्ता मोकळा झाला, तरी तो तसाच उभा होता. आणि ती त्याच्या बाजूने, दोन्ही हात पोटाशी धरून, एकटीच हळूहळू पलीकडे जाऊ लागली.